गाणी उदंड, कर्ते अनाम

नांदेड-लातूरकडे आज गाण्यांना तोटा नाही. माहूरच्या रेणुकेची, माळेगावच्या खंडोबाची, भीमजयंतीची, वरातीची, बंजारा बोलीतली नवी गाणी हंगामागून हंगाम येत राहतात. एक खोली, संगणक, कीबोर्ड आणि यूट्यूबवरचा चॅनल एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी ध्वनिमुद्रण होतं. मुंबई-पुण्याची वाट न धरताही गाणं लोकांपर्यंत पोचतं, ही मोठीच कमाई. पण या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणी बांधली, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. आजच्या गाण्याचं खरं दुखणं मला इथे दिसतं.

आपल्या परंपरेनं या दुखण्यावर फार पूर्वी उपाय शोधला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताचं नाव येतं. भीमगीतांनी तीच रीत उचलली. वामनदादा कर्डक (1922–2004) मूळचे सिन्नरजवळच्या देशवंडीचे, पण मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांनी त्यांना आपलं मानलं. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफायची त्यांची पद्धत होती. गाणं तोंडोतोंडी कुठल्याकुठे गेलं, गायक बदलले, तरी कवी गाण्याबरोबर राहिला. भीमगीतांची ताकद नामांतराच्या लढ्यातही दिसली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत नांदेड जिल्ह्यानं जाळपोळ पाहिली, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचं बलिदान पाहिलं. त्या काळात शाहिरांच्या आणि गायन पार्ट्यांच्या गाण्यांनी माणसं उभी ठेवली. ती गाणी वहीत लिहिली गेली, रात्रभर गायली गेली. कॅसेटवर आली ती त्यांतली थोडीच. त्या वह्या आज कुठे आहेत, याचा शोध घेणं हे अभ्यासकांचं पहिलं काम असायला हवं.

चित्रपटगीतात मराठवाड्यानं दिलेले शब्द फार मोलाचे आहेत. पळसखेडच्या शेतातून ना. धों. महानोर ‘जैत रे जैत’मध्ये (1977) आले आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत त्यांच्या ओळी घरोघरी गेल्या. त्या शब्दांमागे गावच्या बायांच्या ओव्या आणि लोकगीतं ऐकलेला कान होता. ‘पळसखेडची गाणी’ हे लोकगीतांचं संकलन करून महानोरांनी ते ऋण जाहीरपणे मांडलं. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडचे कवी दासू वैद्य यांनी ‘सावरखेड एक गाव’ (2004) या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत अजय-अतुल यांच्या संगीतात, कुणाल गांजावाला यांच्या आवाजात गाजलं. ते गुणगुणणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे, की हे शब्द आपल्याच जिल्ह्यातल्या कवीचे आहेत?

चित्रपटाचं गाणं घडवायला वेळ, पैसा आणि मेहनत लागते, आणि ती कानाला कळते. लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख ‘लय भारी’मधून (2014) मराठी पडद्यावर नायक म्हणून आले, तेव्हा अजय गोगावले यांच्या आवाजातल्या विठ्ठलगीतानं चित्रपटाइतकीच गर्दी खेचली. ‘सैराट’साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, कारण ती कुणीतरी सांगितली, छापली. आमच्याकडच्या गाण्यांच्या जन्मकथा मात्र कुणी सांगितल्याच नाहीत.

आता आजच्या गाण्याकडे वळू. त्यातला जोम निर्विवाद आहे. बोली उघडपणे येते, बाई आपलं सुखदुःख आपल्या तोंडानं गाते. भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात यांच्या एकतारीनं मोबाइलवरून साऱ्या महाराष्ट्राला थांबवलं, ते आवाजातल्या सच्चेपणामुळे. पण पुष्कळ नव्या गाण्यांत संबळ, हलगी, दिमडी संगणकातल्या तयार तुकड्यांतून येतात, त्यामुळे गोंधळाचं गाणं आणि वरातीचं गाणं एकाच ठेक्यावर चालतं. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांच्यासारख्यांनी ज्या भागात आख्यानं रंगवली, तिथे हे खटकलंच पाहिजे. डीजेच्या दणक्यात शब्द बुडतात. रीलसाठी मुखडा तेवढा उरतो, अंतरा गळतो. शेवटचं कडवं कुणी ऐकतच नाही, आणि कवीचं नाव तर तिथेच असतं. पिढ्यानपिढ्या कवीला सांभाळणारी रीत अशी आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे.

यात पैशाचाही प्रश्न आहे. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. गाण्याचे हक्क विकले तरी हा वाटा सोडून देता येत नाही. पण तो हातात पडायला कर्त्याचं नाव आणि नोंद लागते. पाच-दहा हजारांत गाणं देऊन मोकळ्या होणाऱ्या तालुक्यातल्या गीतकाराला हे कुणी समजावून सांगत नाही.

म्हणून काही मागण्या. प्रत्येक चॅनलनं गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि वादकांची नावं लिहावीत. गायकांनी शेवटचं कडवं गाळू नये. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार-संगीतकारांची नावं सांगण्याची जुनी शिस्त आहे, तीच जाहीर कार्यक्रमांच्या निवेदकांनी पाळावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या, कॅसेटी आणि हयात कलावंतांच्या मुलाखती जमवाव्यात. ही माणसं आता थकली आहेत, हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. आणि वाचकहो, तुमच्या गावात जुनं गाणं लिहिणारं कुणी असेल, तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा, ते गाणं कसं सुचलं ते विचारा आणि त्यांच्या नावासकट लिहून ठेवा.