काव्यस्पर्धा आणि वयोवृद्ध कवी

काव्यस्पर्धेतून श्रेष्ठ कवितेची निवड होते, असे आपण मानतो. वस्तुतः ती निवड परीक्षकापुढे आलेल्या कवितांतूनच होते. जी कविता तेथवर पोचत नाही, तिच्याविषयी निकाल मौन पाळतो.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण या दृष्टीने विचारणीय आहे. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी उतरून घेतली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली, म्हणजे कवयित्रीच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. स्वहस्ताक्षरातील प्रती मागणाऱ्या स्पर्धेत त्यांना प्रवेशच मिळाला नसता. मिळाला असता, तरी शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या परीक्षकाला लेवा गणबोलीतील ती अल्पाक्षरी प्रौढता दिसली असती काय? शेत, विहीर, जाते यांतून उपदेशाचा सूर न लावता जीवनाचा अर्थ काढणे, हाच तेथे खरा गुण आहे.

म्हणून वृद्ध कवींना वयाची सवलत देणे हा न्याय नव्हे. बेळगावच्या इंदिरा संत यांच्या 'गर्भरेशीम'ला १९८४ साली, त्यांच्या सत्तरीत, साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तो मान काव्याचा होता, वयाचा नव्हे. कसोटी कठोरच हवी. रुंद करावयाचे आहे ते प्रवेशद्वार. जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्यासारख्या गावी वृद्धांच्या ओठी जे असेल, ते टपालाने येणार नाही. त्यासाठी शिक्षकानेच वही घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले पाहिजे. शोध हा परीक्षणाचा पूर्वार्धच होय.