एका देखण्या चित्राचा अपुरेपणा

शर्मिष्ठा तारकासमूहातील 'कॅसिओपिया ए' या अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने मिळवलेले चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका आवृत्तीत सिलिकॉन तांबड्या, गंधक पिवळ्या, कॅल्शियम हिरव्या आणि लोह जांभळ्या रंगात दाखवले आहे. कडेची निळी किनार स्फोटाच्या आघात-लहरीची आहे. ताऱ्याच्या पोटात तयार झालेली मूलद्रव्ये अवकाशात कशी विखुरतात, हे समजावण्यासाठी इतके बोलके साधन शिक्षकाला क्वचितच मिळेल. तरीही हे चित्र आपण वर्गात आणि लेखांत ज्या रीतीने वापरतो, त्या रीतीत एक मोठी उणीव आहे. तिची चर्चा व्हायला हवी.

चित्राखाली बहुधा एकच ओळ असते : 'चंद्रा दुर्बिणीने टिपलेले छायाचित्र'. या ओळीने दोन गैरसमज होतात. पहिला रंगांविषयीचा. क्ष-किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. कोणत्या ऊर्जेच्या किरणांना कोणता रंग द्यायचा, हे चित्र तयार करणाऱ्यांनी ठरवलेले असते. हा गैरसमज शिक्षक एका वाक्यात दूर करू शकतात. दुसरा गैरसमज अधिक खोलवरचा आहे. 'टिपले' म्हटले की कळ दाबली आणि चित्र आले, असे वाटते. प्रत्यक्षात दुर्बीण एकेक फोटॉन मोजते आणि तो कोठे पडला, केव्हा पडला व त्याची ऊर्जा किती होती, याची नोंद ठेवते. अतिशय अंधुक उगमांकडून कित्येक दिवसांत एखादाच फोटॉन येतो. 'चंद्रा डीप फील्ड साउथ' या आकाशाच्या छोट्याशा तुकड्याचे निरीक्षण १९९९ ते २०१६ या काळात तुकड्यातुकड्यांनी केले गेले. त्याची बेरीज सुमारे ७० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ ८१ दिवस होते.

मग हे तुकडे ठरवतो कोण? याचे उत्तर शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचे आहे : वेळापत्रक.

२३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून सोडलेल्या या दुर्बिणीला एका प्रदक्षिणेस सुमारे ६४ तास लागतात. तिची कक्षा फार लांबट आहे. सुरुवातीला ती पृथ्वीपासून सुमारे १० हजार कि.मी. इतकी जवळ येई आणि १ लाख ४० हजार कि.मी. दूर जाई. जवळ येताना ती पृथ्वीभोवतालच्या प्रारण-पट्ट्यांतून जाते. तेवढा वेळ निरीक्षणे बंद ठेवावी लागतात. उरलेला वेळ जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या निवडलेल्या प्रस्तावांमध्ये वाटून द्यायचा असतो. दुर्बीण सूर्याच्या सुमारे ४५ अंशांच्या आत वळवता येत नाही. काही निरीक्षणे ठरावीक तारखेलाच करायची असतात. हे सारे जुळवून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील नियंत्रण केंद्र आठवड्याचे वेळापत्रक तयार करते, तपासते आणि आज्ञांच्या रूपाने वर पाठवते. कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया येथील मोठ्या अँटेनांमार्फत साधारण दर आठ तासांनी तासभर संपर्क होतो. त्या वेळी साठवलेली माहिती खाली येते आणि यानाची प्रकृतीही तपासली जाते. एरवी दुर्बीण दिलेल्या आज्ञांप्रमाणे एकटीच काम करते.

या कामात चुका होतात आणि त्यांतून रीत बदलते. प्रक्षेपणानंतर काही आठवड्यांतच असे आढळले, की प्रारण-पट्ट्यांतील कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून विखरून थेट संवेदकावर पडत आहेत आणि त्याची क्षमता घटवत आहेत. तेव्हापासून पट्टे ओलांडताना तो संवेदक दर वेळी नाभिस्थानापासून बाजूला हलवला जातो. पुढे यानाचे उष्णतारोधक आवरण जीर्ण होत गेले. काही दिशांना तोंड करून फार वेळ राहिल्यास यानाचे काही भाग तापतात. म्हणून दीर्घ निरीक्षणे तोडून, तापवणाऱ्या आणि थंडावा देणाऱ्या दिशांचा मेळ घालावा लागतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका घूर्णदर्शीने अवघे तीन सेकंद चुकीची माहिती दिली आणि यान आपोआप सुरक्षित स्थितीत गेले. काही दिवसांतच ते पुन्हा कामाला लागले.

'हा सारा व्यवस्थापनाचा भाग झाला, यात विज्ञान कोठे आहे?' असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ही निगा थांबली तर विज्ञानही थांबते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकात चंद्राचा वार्षिक खर्च सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरवरून २०२५ साठी सुमारे ४ कोटी १० लाखांवर आणण्याचा प्रस्ताव आला. पुढील वर्षांत तो आणखी कमी होणार होता. तापमान सांभाळण्यामुळे नियोजन किचकट आणि महाग झाले आहे, हे त्यामागचे एक कारण दिले गेले. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला जोरदार विरोध केला. ज्या कामामुळे जुनी दुर्बीण चालू राहिली होती, तेच काम आता खर्चाची बाब म्हणून पुढे आले. चित्र सर्वांनी पाहिले होते, चित्रामागची मेहनत फार थोड्यांना ठाऊक होती. जे लोकांना ठाऊकच नाही, त्याच्या बाजूने ते बोलणार कसे?

आपल्याकडेही स्थिती फार वेगळी नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटची तारीख स्पर्धा परीक्षेच्या टिपणात सापडते. परंतु सुमारे ६५० कि.मी. उंचीवर दीड तासाहून थोड्या अधिक वेळात प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या उपग्रहाचे नियंत्रण बंगळुरूहून होत आले, त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली, आणि एका उपकरणाची माहिती तपासण्याचे केंद्र पुण्याच्या आयुकात उभे राहिले, हे त्या टिपणात नसते.

चित्र काढून टाका, असे येथे सुचवायचे नाही. ते दाखवताना तळटीप मात्र बदलावी : 'चंद्राच्या निरीक्षणांवरून तयार केलेले, निवडलेल्या रंगांतील चित्र'. त्यापुढे एक तास विद्यार्थ्यांना ६४ तासांची पट्टी आखायला द्यावी. त्यात प्रारण-पट्ट्यांसाठी नऊ तास वगळावेत, आठ-आठ तासांनी संपर्काच्या वेळा मांडाव्यात आणि वेगवेगळ्या लांबीची पाच-सहा निरीक्षणे बसवायला सांगावीत. 'तापवणाऱ्या' दोन निरीक्षणांना लागोपाठ बसता येणार नाही, अशी अट घालावी. एखादे निरीक्षण नक्की बाहेर राहील. ते कोणते आणि का, यावर वर्गात जो वाद होईल तो खऱ्या विज्ञानाच्या बराच जवळचा असेल.