तटस्थ, मध्यस्थ, निष्पक्ष : नालवाडीच्या संदर्भात एक अर्थविचार

‘तटस्थ’, ‘उदासीन’, ‘मध्यस्थ’, ‘त्रयस्थ’ व ‘निष्पक्ष’ हे शब्द आपल्या समीक्षालेखनात एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक शब्द वेगळी भूमिका सुचवितो.

तटस्थ तो काठावर उभा असतो. प्रवाह त्याला भिजवीत नाही. उदासीन म्हणजे मुळात अलग बसलेला. मराठीत मात्र या शब्दाला खिन्नतेची छटा चढली आणि मूळ अर्थ मागे पडला. त्रयस्थाचा वादाशी संबंधच नसतो. या तिन्ही शब्दांत मुख्य कल्पना अंतराची आहे. ‘निष्पक्ष’ हा शब्द मात्र माणूस कोठे उभा आहे हे सांगत नाही. तो निर्णय कसा करतो एवढेच सांगतो.

हा भेद जुना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात ‘उदासीन’ व ‘मध्यस्थ’ शेजारी शेजारी येतात. शांकरभाष्याप्रमाणे उदासीन कोणाचाच पक्ष धरीत नाही, तर मध्यस्थ परस्परविरोधी अशा दोघांचेही हित इच्छितो. विशेष असे की, ज्यांच्या ठायी समबुद्धी ठेवावयाची त्यांच्या यादीत हे दोघेही आहेत. म्हणजे समबुद्धी ही या दोहोंहून निराळी ठरते.

१९३०-३१ मध्ये ‘गीताई’ रचणारे विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहावयास गेले. ही वस्ती मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची होती. १९३४ मध्ये तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. पुढे गोपाळराव वाळुंजकरांनी तेथे चर्मोद्योग चालविला. ज्या कातडीकामामुळे माणसे दूर ठेवली जात, तेच काम येथे आश्रमीय जीवनात आले. सवर्ण व अस्पृश्य यांच्यामध्ये समान अंतरावर उभे राहणे म्हणजे असलेली विषमता तशीच राहू देणे होय. नालवाडीचा निवास म्हणूनच तटस्थ म्हणता येणार नाही. निर्वैर मात्र म्हणता येईल. १९६८ मध्ये आचार्यकुलासाठी विनोबांनी ‘निर्भय, निर्वैर, निष्पक्ष’ ही त्रयी सांगितली. तीत ‘तटस्थ’ नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

तथापि याच विवेचनाची कसोटी १९७५ मध्ये लागली. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या काळात त्यांच्याकडून आलेले ‘अनुशासन-पर्व’ हे शब्द आणीबाणीच्या समर्थनार्थ सरकारी प्रचारात वापरले गेले. शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, हा खुलासा विनोबांनी नंतर केला. पण तोवर शब्दाला पक्ष लाभून गेला होता. बोलणारा निष्पक्ष असला तरी त्याचा शब्द निष्पक्ष राहीलच असे नाही. सत्ता एका बाजूला असताना संदिग्ध शब्द बहुधा तिच्याकडेच झुकतो. नालवाडीत विनोबांच्या कृतीने जो अर्थ निःसंदिग्ध केला, तो येथे केवळ शब्दावर सोपविला गेला, असे म्हणावे लागते.

समीक्षेपुरता यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. दलित आत्मकथनाचा अभ्यासक काठावर उभा राहून लिहू लागला, तर तो तटस्थ ठरेल. न्याय्य ठरेलच असे नाही. उलट, लेखकाविषयी पूर्ण आस्था बाळगूनही त्याच्या कृतीतील उणीव दाखविणारा समीक्षक निष्पक्ष असू शकतो. एखाद्या समीक्षेला ‘तटस्थ’ म्हणून गौरविण्यापूर्वी आपण तिच्या अंतराची प्रशंसा करीत आहोत की न्यायाची, हे ठरविणे आवश्यक आहे.