माशाची सत्ती

माझ्या टेबलावर गंजिफाचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळातलं, एक पान आहे. गोल, तळहातात मावेल एवढं. तांबड्या जमिनीवर सात मासे: सहा कडेनं, एकामागून एक, आणि सातवा मधोमध. दशावतारी गंजिफातल्या मत्स्याची ही सत्ती. सावंतवाडीच्या बाजारात सुटी पानं मांडलेली दिसली, त्यांतून मी ती उचलली. राजाचं पान शेजारीच होतं आणि जास्त देखणं होतं. तरी हात सत्तीकडे गेला. का गेला, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं.

गोल पानाला वरची बाजू नसते. खेळणाऱ्याच्या हातात ते कसंही येतं, म्हणून चित्र कुठूनही पाहिलं तरी नीट दिसावं लागतं. चिताऱ्यानं कडेचे सहाही मासे एकाच दिशेला तोंड करून सोडले आहेत. पान बोटांत जरा फिरवलं की काठाशी पाणी वाहू लागतं. मधला मासा मात्र आडवा, स्थिर. तो नसता तर डोळा नुसता गरगरत राहिला असता. मोजदादही त्याच्यामुळेच सोपी होते. कडेला सहा आणि मध्ये एक, म्हणजे सात. दिव्याच्या उजेडात, डाव रंगात आलेला असताना, ही सत्ती की अठ्ठी असा घोळ होऊन चालत नाही. त्यात गंजिफाचा नियम असा, की निम्म्या अवतारांत आकड्यांची चढण उलटी होते: एकीकडे दश्शी मोठी, दुसरीकडे एक्का मोठा. तेव्हा आकडा एका नजरेत कळायलाच हवा. या पानाच्या सौंदर्याचा पाया ही गरज आहे.

आता एक मासा जवळून पाहू. पोटाचा पानासारखा आकार एका दमात भरलेला. त्यावर पाठीची एक रेघ, तोंडाशी जाड आणि शेपटीकडे बारीक होत गेलेली. डोळ्याचा एक ठिपका, खवल्यांचे तीन फटकारे, शेपटीचे दोन. संपला मासा. भिंग घेऊन पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. एका माशाची रेघ गडद आणि ओली आहे, पुढच्याची थोडी फिकी, त्याच्या पुढच्याची शेपूट कोरडी पडलेली. चौथ्यापाशी रेघ पुन्हा गडद. तिथे कुंचला परत रंगात बुडला. म्हणजे कुठल्या माशापासून सुरुवात झाली आणि हात कुठून कुठे गेला, हे पानावरच उमटलेलं आहे. चिताऱ्याची ती काही मिनिटं माझ्या टेबलावर आहेत.

एवढ्या थोडक्यात मासा उभा करायची कला कुठून आली? उत्तर हिशेबात आहे. दशावतारी संचात दहा अवतार आणि प्रत्येकाची 12 पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. एकूण 120. एका अवताराच्या आकडी पानांवरची चिन्हं मोजली तर 55 भरतात. माशाची 55, कासवाची 55, परशूची 55. संपूर्ण संचात 550. शिवाय राजा-प्रधानांची 20 चित्रं वेगळी. गिऱ्हाईक पैसे मोजणार ते संचाचे. माशाचे वेगळे कोण देतो? तेव्हा मासा पाच-सात फटकाऱ्यांत झाला पाहिजे आणि तरी तो मासाच वाटला पाहिजे.

गंजिफात दोन कलमं मानतात, दरबार कलम आणि बाजार कलम. दरबारासाठी हस्तिदंत, सोन्याचा वर्ख, केसाएवढ्या बारीक रेघा. बाजारासाठी कापडाच्या थरांचं साधं पान आणि झरझर चाललेला कुंचला. संग्रहालयात आपण दरबारी पानांपुढे थांबतो आणि ते योग्यच आहे. पण बाजार कलमाला त्याची स्वस्त नक्कल समजणं मला पटत नाही. दरबारी चिताऱ्याला वेळ मिळाला, म्हणून तो भर घालत गेला. बाजारातल्या चिताऱ्याला काढून टाकत जावं लागलं आणि काय काढलं तरी मासा उरतो हे त्याला शिकावं लागलं. त्याचा गुरू बाजार होता.

पानाचं अंगही पाहण्यासारखं आहे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वर खडूची भुकटी खळीत कालवून लावायची, गुळगुळीत दगडानं घोटायचं, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. नखानं टिचकी मारली की पान टणक वाजतं. दिवाणखान्यात टांगण्यासाठी ते कुणी केलं नव्हतं. ते पिसलं जाणार, वाटलं जाणार, जमिनीवर आपटलं जाणार, हे धरूनच ते घडलं आहे.

बाबरानं 1527 मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा खेळ देशभर पसरला, विष्णूचे अवतार लेऊन कोकणातही रुजला. रामाचा राजा ज्याच्या हाती तो दिवसा डाव सुरू करतो, कृष्णाचा राजा असलेला रात्री. पुढे छापील 52 पत्ते आले आणि हातानं रंगवलेला संच मागे पडला. सावंतवाडीत हे काम जाणणारे अगदी थोडे उरले, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ते जुन्या चिताऱ्याकडून समजून घेतलं, स्वतः शिकले, इतरांना शिकवलं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवायला बसू लागले. येणारा पाहुणा काम चालू असताना पाहायचा आणि आवडलेली वस्तू घेऊन जायचा. दरबारातच बाजार भरला.

हस्तकलेचा छोटा धंदा कसा वाढतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. गावातली चितार आळी तेच सांगते. दुकानात पुढे हाताशी भातुकली, भोवरे, लाकडी आंबे, मिरच्या, काजूची बोंडं. आत लाटणी, पोळपाट, पाट. कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणानंच ती वितळते आणि रंग चढतो, मग केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. मे महिन्यात आणि चतुर्थीला चाकरमानी येतो, पोरासाठी भोवरा घेतो, बायको पोळपाट पाहते, जाताना नजर गंजिफाच्या डबीवर पडते. हमरस्ता झाराप-पत्रादेवीमार्गे गावाबाहेरून गेला, तेव्हापासून वाटसरू आपसूक आळीत येत नाही. त्याला मुद्दाम वळावं लागतं. जो वळतो, त्याला पुन्हा यावंसं वाटेल असं काही हातात देणं, हीच इथली जाहिरात.

जवळच्या बाजाराचं मोठं देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा हात दिसतो. कुठल्या वस्तूकडे तो आधी जातो, काय उचलून परत ठेवतो, किमतीची चिठ्ठी पाहून कुठे थबकतो. पूर्ण संचाला खूप दिवसांचं काम लागतं, म्हणून त्याची किंमतही तशीच. तो रोज विकला जाणार नाही. सुटं पान, छोटी डबी, पेल्याखालची चकती रोज विकली जाते आणि त्यावर कुंचला चालता राहतो. याला मी कलेची घसरण म्हणणार नाही. 550 चिन्हांचा हात टिकवायचा तर तो रोज चालला पाहिजे.

फक्त एक जपावं लागतं. गंजिफाचं छापील चित्र चिकटवलेली वस्तूही आता सर्रास मिळते आणि ती स्वस्त असते. ओळख सोपी आहे. छापील पानावर सातही मासे बहुधा सारखेच ओले असतात. सुरुवातीचा मासा तिथे सापडत नाही. गिऱ्हाइकानं तो शोधायला शिकावं, विकणाऱ्यानं तो दाखवावा. ज्याला एकदा दिसला, तो पुढे किमतीवरून घासाघीस करणार नाही.

माझी सत्ती टेबलावर एकटी आहे. जागा बदलून पाहिली, पण सात माशांच्या शेजारी आठ हवेत असं वाटत राहतं. आठ मासे गोलात कसे बसवले असतील, मध्ये किती, कडेला किती? चतुर्थीला सावंतवाडीला जाणं होईल, तेव्हा अठ्ठी आणायची आहे.