न दिसणारी कडी

घरच्या संगणकावर सूर्यमालेची सैर घडवणारी ‘सेलेस्टिया’ ही संगणकप्रणाली २००१ साली आली. तिने रंगवलेली शनीची कडी देखणी आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु चित्रकाराची खरी परीक्षा भरजरी शालूत होत नाही. ती विरळ मलमलीत होते.

युरेनसची कडी १९७७ साली सापडली ती दिसली म्हणून नव्हे, तर त्यांच्याआड गेलेला एक तारा क्षणभर मंदावला म्हणून! ती कोळशासारखी काळी आहेत. त्यांतले एप्सिलॉन कडे एका बाजूला सुमारे वीस किलोमीटर रुंद, तर दुसऱ्या बाजूला शंभराच्या जवळ. नेपच्यूनच्या अ‍ॅडम्स कड्यात तर धूळ काही कंसांतच दाटलेली आहे. व्हॉयेजर-२ ने १९८९ साली ते टिपले.

सेलेस्टियाची मूळ रीत मात्र सोपी. आतली त्रिज्या, बाहेरची त्रिज्या आणि रंगांची एक पट्टी. ती ग्रहाभोवती फिरवली की झाले कडे! या चाकावर कमीजास्त रुंदी घडत नाही, कंसही घडत नाहीत.

अंधुक कडे दिसावे म्हणून ते थोडे उजळले, तर मी तक्रार करणार नाही. तो चष्मा झाला. आकार बदलणे ही मात्र थाप होय. कंसांतली धूळ कडेभर पसरून का जात नाही, हे शास्त्रज्ञांपुढचे कोडे. गुळगुळीत वर्तुळ पाहणाऱ्या मुलाला ते पडणार कसे?

सुट्टीत ही सैर मुलांना जरूर घडवा. नेपच्यूनपाशी मात्र थांबून उरलेले तोंडी सांगा.