रूढ इंग्रजी वाक्प्रयोगांतील क्रियापदाचा काळ

इंग्रजीच्या शालेय व्याकरणांत क्रियापदाचे रूप आणि क्रियेची वेळ ही एकच गोष्ट आहे, असे गृहीत धरलेले असते. मराठीत दोहोंसाठी ‘काळ’ हा एकच शब्द असल्यामुळे या गृहीताला आणखी बळ मिळते. साध्या विधानांत त्यावाचून फारसे अडत नाही. परंतु रूढ वाक्प्रयोगांशी गाठ पडताच ते कोलमडते. ‘इट इज टाइम वी वेन्ट’ या वाक्यात जाणे अद्याप घडलेले नाही, तरी क्रियापद भूतकाळी आहे. ‘आय विश आय न्यू’ यातील अज्ञान आत्ताचे आहे, तरी रूप भूतकाळाचेच आहे. अशा प्रयोगांना ‘अपवाद’ म्हणून पाठ करण्यास सांगितले जाते. हे निदान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या रूपांचा अपवादांपलीकडे जाऊन विचार ओटो येस्पर्सन यांच्यासारख्या व्याकरणकारांनी केला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात त्यांनी काळ ही भाषेतील रूपव्यवस्था आणि वेळ ही भाषेबाहेरील वस्तू, असा भेद आग्रहाने मांडला, आणि भूतकाळी रूपाचा कल्पित अर्थाने होणारा उपयोग वेगळा काढला. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या बृहद्व्याकरणात हाच विचार पुढे नेलेला दिसतो. त्यांच्या मते इंग्रजीतील भूतरूप मुळात ‘दूरत्व’ दर्शविते. हे दूरत्व कधी वेळेचे असते, तर कधी वास्तवापासूनचे.

या मताची कसोटी वाक्य परोक्ष कथनात घालून पाहता येते. ‘वी वेन्ट’ हे खऱ्या भूतकाळाचे विधान परोक्ष कथनात ‘दे हॅड गॉन’ असे मागे सरकू शकते. उलट ‘ही सेड इट वॉज टाइम दे वेन्ट’ यात ‘वेन्ट’ जागचे हालत नाही. मुळातच ते वेळ दाखवीत नसल्यामुळे त्याला मागे सरकण्याचे कारण उरत नाही. ‘आय विश’ आणि ‘वुड रादर’ यांनंतरच्या भूतरूपांचीही हीच स्थिती आहे. म्हणजे हे प्रयोग नियमबाह्य नाहीत. त्यांचा नियम निराळा आहे.

तथापि दूरत्वाचा सिद्धान्त सर्वत्र लावण्याचा मोहही आवरला पाहिजे. ‘यू हॅड बेटर गो’ यातील ‘हॅड’ ऐतिहासिक दृष्ट्या भूतरूप आहे खरे. पण आजच्या भाषेत त्याच्या जागी ‘हॅव’ ठेवता येत नाही. जेथे निवडच नाही, तेथे ‘भूतरूप का निवडले’ हा प्रश्न संभवत नाही. ‘ॲज इट वेअर’ आणि ‘कम व्हॉट मे’ हे प्रयोगही असेच गोठलेले आहेत. ‘मस्ट’ आणि ‘ऑट’ हीसुद्धा जुनी भूतरूपेच. आज ती तशी कोणाला जाणवत नाहीत. मराठीतील ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप आहे, याची जाणीव बोलणाऱ्याला नसते, त्यातलाच हा प्रकार होय.

याच्या अगदी उलट टोकाला ‘किक द बकेट’ यासारखे प्रयोग येतात. यांत काळ पूर्णपणे मोकळा असतो. ‘किक्ड’ किंवा ‘विल किक’ दोन्ही चालतात. बंधन आहे ते क्रियेच्या व्याप्तीचे. मनुष्य तीन आठवडे ‘वॉज डायिंग’ असू शकतो, पण ‘वॉज किकिंग द बकेट’ असू शकत नाही. लाथ मारणे क्षणिक असल्यामुळे लाक्षणिक अर्थानेही क्षणिकपणा सोडलेला नाही. मराठीतही ‘त्याने राम म्हटला’ याचा अर्थ तो वारला असा होतो. मात्र ‘तो तीन आठवडे राम म्हणत होता’ असे म्हटल्यास तो मनुष्य जिवंत ठरतो.

तेव्हा रूढ प्रयोगांचे निदान तीन वर्ग करावे लागतात : काळ मोकळा असलेले, रचनेनेच विशिष्ट रूप मागणारे आणि पूर्णपणे गोठलेले. पहिल्या वर्गात वक्ता वेळेनुसार रूप निवडतो. दुसऱ्यात रचना निवडते. तिसऱ्यात निवड इतिहासाने केव्हाच करून ठेवलेली असते. यांना एकाच ‘अपवाद’ या पेटीत कोंबल्याने विद्यार्थ्याच्या चुकीचे मूळ सापडत नाही.

मराठीभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत हे मूळ शोधणे अगत्याचे आहे. ‘पाऊस आला तर थांबू’ या शक्य गोष्टीसाठी मराठी भूतरूप योजते. इंग्रजी तेथे ‘इफ इट रेन्स’ असे वर्तमानरूप घेते आणि भूतरूप दूरच्या कल्पनेसाठी राखून ठेवते. म्हणून ‘इफ इट रेन्ड, वी विल स्टॉप’ असे लिहिणारा विद्यार्थी काळाविषयी अज्ञानी नसतो; तो एका भाषेची व्यवस्था दुसरीत नेत असतो. बसल्या जागेवरून ‘हा निघालोच’ म्हणणाऱ्याला, किंवा ‘आता निघालेले बरे’ असे सुचविणाऱ्याला, भूतरूप म्हणजे भूतकाळ नव्हे हे शिकविण्याची गरज नाही. त्याच्या ठायी असलेले हे ज्ञान जागे करणे एवढेच काम उरते.

त्यासाठी लागणारी परिभाषाही आपल्या परंपरेत आहे. पाणिनीने लट्, लङ् आदी लकारांना वेळेची नावे न देता केवळ रूपसंज्ञा दिल्या आणि त्यांचे अर्थ स्वतंत्र सूत्रांनी सांगितले. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथातही ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी रूपनिष्ठ नावे आढळतात. ‘आला’ हे लाख्यात आहे असे म्हटले, की ते कोणत्या वेळेचे हा प्रश्न खुला राहतो. ‘भूतकाळ’ म्हटले, की तो विचारण्यापूर्वीच मिटतो. इंग्रजीच्या अध्यापनात हीच शिस्त आली, तर ‘काळ दुरुस्त करा’ या परिचित प्रश्नाआधी एक प्रश्न विचारावा लागेल : या वाक्यात काळ निवडण्याची मोकळीक मुळात कोणाकडे आहे?