मराठी ऐतिहासिक चित्रपट आणि कुलाब्याचा दर्या

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत चित्रपटांची चर्चा करावी कीं न करावी, याविषयीं दोन मतें संभवतात. जुन्या कागदांच्या चिकित्सेंत आयुष्य घालविणाऱ्यास पडद्यावरील जिरेटोप, तलवारी आणि टाळ्या यांची किंमत कमी वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत सामान्य मराठी माणसानें आपला इतिहास ज्या साधनांतून घेतला, त्यांत ग्रंथांच्या आधीं चित्रपटाचा क्रम लागतो, ही गोष्ट आवडो वा न आवडो, मान्य करणें भाग आहे. पडद्यावर जें आलें तें लोकांच्या लेखीं घडलें. जें आलें नाहीं तें घडूनहि न घडल्यासारखें झालें. या दृष्टीनें पाहतां मराठी ऐतिहासिक चित्रपटांत एक मोठें खिंडार आहे आणि तें नेमकें आमच्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर पडलें आहे. (जिल्ह्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें; दर्या तोच आहे.)

मराठी चित्रपटसृष्टि ही एखाद्या लहान राष्ट्राच्या चित्रपटसृष्टीसारखी आहे. तिची भाषा एका प्रांतापुरती, भांडवल बेताचें, आणि शेजारीं हिंदीचा अफाट बाजार. तिचा ऐतिहासिक भाग तर खरोखरच एका लहान राज्यांत जन्मला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्यें मुंबईस झळकला हें खरें. परंतु मावळे, गड आणि भगवा झेंडा पडद्यावर आणण्याचें श्रेय कोल्हापूर संस्थानाकडे जातें. बाबूराव पेंटर यांनीं गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यानें तेथें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्यें ‘सैरंध्री’ काढला आणि १९२३ मध्यें हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’. शांताराम, दामले, फत्तेलाल हे त्याच कंपनींत तयार झाले. १९२९ मध्यें त्यांनीं सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ काढली आणि १९३३ मध्यें ती पुण्यास नेली. भालजी पेंढारकर शेवटपर्यंत कोल्हापूरचेच राहिले. १९४८ च्या जाळपोळींत त्यांचा स्टुडिओ भस्मसात् झाला, तरी तेथेंच पुन्हा उभे राहून चारच वर्षांनीं त्यांनीं ‘छत्रपति शिवाजी’ लोकांपुढें ठेवला. या माणसाच्या निष्ठेपुढें टीकाकारानें प्रथम मान लववावी आणि मगच लेखणी उचलावी.

आतां या परंपरेंतील गाजलेलीं नांवें ओळीनें घ्यावीं. तानाजीवर ‘सिंहगड’ दोन वेळां, १९२३ आणि १९३३. पुढें हिंदींत ‘तान्हाजी’ (२०२०) आणि मराठींत ‘सुभेदार’ (२०२३). ‘नेताजी पालकर’ दोन वेळां, १९२७ व १९३९. बाजी प्रभूच्या खिंडीवर १९५६ मध्यें ‘पावनखिंड’ आणि २०२२ मध्यें त्याच नांवानें पुन्हा. त्याखेरीज ‘उदयकाल’, ‘बहिर्जी नाईक’, ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’. खुद्द आमच्या जिल्ह्यांतील रायगडावर ‘हिरकणी’ (२०१९) निघाला, पण तोहि कड्याचा. सर्व कथा घाटमाथ्याच्या. जणूं स्वराज्याची सीमा सह्याद्रीच्या पायथ्याशींच संपत होती, आणि खालीं नागोठणें, चेऊल, थळ, मुरूड हीं गांवें कोणा दुसऱ्याच राज्याचीं होतीं.

वास्तविक स्थिति उलट आहे. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं येतांच महाराजांनीं आरमाराचा पाया घातला. पुढें याच किनाऱ्यावर पद्मदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा उभे राहिले. राज्याभिषेकाचा प्रसंग पडद्यावर आला कीं टोपीवाला इंग्रज वकील लवून मुजरा करतांना हमखास दिसतो. परंतु तो हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून जलमार्गानें चेउलास आला, तेथून रोहें-निजामपुरावरून गडाकडे चढला, हें कोणत्या दिग्दर्शकास दाखवावेंसें वाटलें? राजधानीची वाट समुद्रांतून सुरू होत होती. सिंहासन दिसतें, बंदर दिसत नाहीं.

या उणिवेचें कारण विचारलें तर बहुधा खर्चाचें उत्तर मिळतें. कोल्हापुराहून पन्हाळा हाकेच्या अंतरावर, घोडे आणि हत्यारें संस्थानांत मुबलक. समुद्र मात्र घाटाखालीं, आणि गलबतें बांधावयाचीं तर कंपनीचें दिवाळें वाजावयाचें. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु सगळें तथ्य नाहीं. स्वीडन हें लोकसंख्येनें महाराष्ट्राहून कितीतरी लहान राष्ट्र. तेथील दिग्दर्शक व्हिक्टर शेस्ट्रम यानें १९१७ मध्यें, म्हणजे ‘सैरंध्री’च्या तीन वर्षें आधीं, ‘तेरये विगेन’ हा मूकपट केला. नेपोलियनच्या काळांत इंग्रज आरमारानें नॉर्वेच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली असतां एक गरीब खलाशी उपाशी बायकामुलीसाठीं एकट्यानें होडी वल्हवीत धान्य आणावयास डेन्मार्कला जातो आणि परततांना घर दृष्टीच्या टप्प्यांत असतां पकडला जातो, एवढीच कथा. त्यासाठीं आरमार बांधावें लागलें नाहीं. एक होडी, खडकाळ किनारा आणि खवळलेला समुद्र पुरला. स्वीडिश मूकपटांचें वैभवयुग या चित्रापासून मोजतात. अलिबागेपासून मुरूडपर्यंत होड्यांस, खडकांस किंवा वादळांस तोटा आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

मग फरक कोठें पडला? ‘तेरये विगेन’च्या मागें इब्सेनचें त्याच नांवाचें दीर्घ काव्य होतें, आणि तें नॉर्वेंत घरोघर पाठ होतें. माझें म्हणणें असें कीं, आमचा चित्रपट जेथें शाहीर आधीं गेला होता तेथेंच गेला. तानाजीचा पोवाडा तुलसीदासानें गाइला, अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासानें; १८९१ मध्यें ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाड्यांचा संग्रह छापला; पोवाड्यांवरून आणि बखरींवरून कादंबऱ्या झाल्या, कादंबऱ्यांवरून नाटकें आणि नाटकांवरून चित्रपट. या साखळीची पहिली कडी समुद्रावर नाहीं. कोळी-भंडाऱ्यांच्या गाण्यांत दर्याची भीति आहे, भक्ति आहे, मासळी आहे. खांदेरीच्या लढाईचा पोवाडा मराठी माणसाच्या ओठांवर नाहीं. त्या लढाईची हकीकत मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत सांपडते. तीं पत्रें पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ मध्यें छापलीं, पण इंग्रजींत. ‘उदयकाल’ त्याच्या आदल्याच वर्षीं निघाला होता. म्हणजे साधन आणि कलावंत एकाच वेळीं, एकाच प्रांतांत होते, आणि त्यांची गांठ कोणी घालून दिली नाहीं. हा दोष चित्रपटवाल्यांच्या माथीं मारून आम्हां संशोधकांस हात झाडतां येणार नाहीत. द. गो. ढबू यांचा ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा ग्रंथ मराठींत १९३९ पासून आहे. तोहि अभ्यासकांच्या कपाटांतच राहिला.

दुसरें कारण कलेच्या प्रकृतींत आहे. मराठी ऐतिहासिक बोलपट हा रंगभूमीचा मुलगा. भालजींचें खरें सामर्थ्य संवादांत. त्यांचीं पात्रें उभीं राहून बोलतात आणि त्या बोलण्यानें अंगावर कांटा येतो. ‘छत्रपति शिवाजी’ मध्यें चंद्रकांत मांढरे यांची मुद्रा आणि त्यांचा संथ उच्चार यांवर अर्धें चित्र तोललेलें आहे. ही पद्धत दरबारास शोभते, गडाच्या दरवाजांतहि शोभते. परंतु डोलत्या गुराबेवर वाऱ्याशीं झगडणारा तांडेल लांबलचक वाक्यें बोलूं शकत नाहीं. तेथें हालचालीनें आणि वेळेच्या हिशेबानें कथा सांगावी लागते. शांतारामांच्या अंगीं ती दृष्टि होती; ‘उदयकाला’चें मूळ नांव ‘स्वराज्याचें तोरण’ सरकारी परीक्षकांनीं बदलावयास लावलें तें कांहीं संवादांमुळें नव्हे, कारण चित्र मुकें होतें. गडावर चढणारा झेंडा हीच त्या काळीं राजकीय भाषा होती. गलबताच्या डोलकाठीवरील झेंड्यास ती भाषा आली नाहीं, याचें वाईट वाटतें.

अलीकडच्या चित्रांत यंत्रसाहाय्यानें समुद्र काय, अवकाशहि निर्माण करतां येतें. तेव्हां खर्चाची सबब पुष्कळशी गेली. तरी संवय गेली नाहीं. दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ (२०१८) हा मेहनतीनें केलेला चित्रपट आहे. साठ माणसांनिशीं १६७३ मध्यें पन्हाळा घेणारा कोंडाजी त्यांत जिवंत झाला. परंतु त्याच कोंडाजीचा शेवट कोठें झाला? संभाजी महाराजांच्या काळीं तो फितुरीचें सोंग करून जंजिऱ्यांत शिरला आणि बेत फुटल्यामुळें सिद्दीच्या हातून मारला गेला, अशी हकीकत आहे. एका वीराच्या चरित्राचा डोंगरावरील अर्धा भाग घ्यावा आणि समुद्रांतील अर्धा टाकावा, आणि टाकलेलाच भाग नाट्यदृष्ट्या अधिक सखोल असावा, यापेक्षां बोलकें उदाहरण मिळणें कठीण. पन्हाळ्याचा कोंडाजी यशस्वी आहे. जंजिऱ्याचा कोंडाजी एकटा, वेषांतरांत, शत्रूच्या पंक्तीला बसलेला आहे.

येथें खरी अडचण उघड होते. या किनाऱ्याचा इतिहास सरळ विजयाचा नाहीं. जंजिरा मराठ्यांस कधींच मिळाला नाहीं. मोरोपंतांच्या मोहिमेंत लाय पाटील कोळ्यानें रात्रीं तटास शिड्या लावल्या आणि वरून चढणारी फौज वेळेवर आली नाहीं, असें सांगतात. ही कथा अपयशाची आहे, आणि म्हणूनच ती मोठी आहे. आरमाराचे सरदार दर्यासारंग व दौलतखान मुसलमान, मायनाक भंडारी, खलाशी कोळी. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सोपी वांटणी येथें टिकत नाहीं. आणि शेवट तर आंवढा गिळावयास लावणारा. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली ती कान्होजींनीं परतविली. १७२९ मध्यें ते वारले, मुलांत वांटणीचें भांडण लागलें, आणि १७५६ मध्यें विजयदुर्गास तुळाजीचें आरमार जळालें तेव्हां पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस उभी होती. हा प्रसंग पडद्यावर आणण्यास पैशाहून धैर्य अधिक लागेल.

आपण न सांगितलेली कथा दुसरा कोणीतरी सांगतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेंतील २००७ च्या चित्रपटांत हिंदी महासागराचा चांचेराजा म्हणून एक ‘संभाजी’ येतो. हें नांव आंग्र्यांच्या घराण्यावरून घेतलें हें स्पष्ट आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनीं आंग्र्यांस चांचे म्हटलें, आणि तोच शब्द अडीचशें वर्षांनीं रंगीत पोशाख घालून जगभर फिरला. एवढ्या लोकांपर्यंत सरखेलांचें घराणें पोहोंचविणारें मराठी चित्र तोंपर्यंत झालें नव्हतें, तेव्हां रागावण्याचा अधिकारहि आपणांस अर्धाच.

प्रसंगवशात् आणखी एक. या किनाऱ्यानें चित्रपटास माणसें मात्र दिलीं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांनीं लिहिला त्या जोसेफ डेव्हिड यांचें आडनांव पेणकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉन चाचा म्हणून गाजलेले नट डेव्हिड हे अब्राहम चेऊलकर. दोघेहि बेने इस्रायल समाजाचे, आणि दोघांच्याहि नांवांत येथील बंदराचें गांव.

चित्रपटास योग्य असा एक प्रसंग सुचवावयाचा तर मी १६७९ ची खांदेरी सुचवीन. थळच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां खांदेरी आणि उंदेरी हीं दोन्ही बेटें समोर दिसतात. मुंबई बंदराचें तोंड तेथून जवळच. त्या वर्षींच्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी माणसें घेऊन बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. इंग्रजांनीं हुसकावण्यास जहाजें धाडलीं. सप्टेंबरांत बेटावर उतरूं पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दिवस उजाडतांना दौलतखानाचीं चाळीसांवर गलबतें किनाऱ्याकडून निघालीं. इंग्रजांचें ‘डोव्हर’ गुराब पकडलें गेलें, बाकीचीं पांगलीं. कीग्विनचें ‘रिव्हेंज’ तेवढें टिकलें आणि त्यानें गलबतांस मागें रेटलें. म्हणजे त्या दिवशीं निर्णायक जय कोणाचाच नाहीं. परंतु पुढें रात्रीमागून रात्र लहान होड्या उथळ पाण्यांतून दाणागोटा, चुना आणि माणसें बेटावर पोहोंचवीत राहिल्या. जड जहाजांस त्यांचा पाठलाग करतां येईना. तट वाढत गेला. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं वेढा आटोपला, आणि सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. पाथरवट आणि वल्हेकरी यांच्या अंगबळावर जिंकलेली अशी लढाई मराठ्यांच्या इतिहासांत विरळा. त्यांत एकहि दरबार नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग असे चार दर्याचे आहेत. त्यांच्या यादींत जें प्रमाण समुद्रास मिळालें, तें आमच्या पडद्यावर मिळालेलें नाहीं.

कोणी हें काम हातीं घेतल्यास एक सूचना अवश्य पाळावी. विलायती चित्रांतील तीन मजली युद्धनौकेची नक्कल करूं नये. गुराब म्हणजे बहुधा दोन डोलकाठ्यांचें, क्वचित् तीन. मोठें झालें तर तीनशें टनांचें. नाळ लांब, पुढें निघालेली व सखल, आणि तोफा त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या. गलबत सत्तर टनांच्या आंतलें, त्रिकोणी शिडाचें, चाळीस-पन्नास वल्ह्यांचें. वारा पडला कीं वल्हीं चालत आणि गलबतें गुराबांस दोर लावून ओढीत. खांदेरीच्या पाण्यांत इंग्रजांची दमछाक कशानें झाली, हें ही रचना नीट दाखविल्याखेरीज प्रेक्षकास कळणार नाहीं. आणि अशीं शिडें-वल्हीं सजविणारे जुने सुतार या किनाऱ्यावर आतां फार थोडे उरले आहेत.